मनीचे टाके

वसईला किनाऱ्यावर पाचूबंदर आहे. जिथे मासळी, तिथे मांजर आलेच. आमच्या साक्षरता वर्गात येणाऱ्या तिथल्या एका बाईंकडे मनी नावाची मांजर आहे. एका पावसाळ्यात पत्र्याची कड लागून मनीची मांडी चिरली. डॉक्टरांनी जखम धुऊन पाच टाके घातले, औषध दिले आणि कागदावर मराठीत सूचना लिहून दिल्या.

सहाव्या दिवशी बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, मनी आता लय शांत झालीय. दोन दिवस पलंगाखालीच बसून आहे. आराम पडला वाटतं."

आम्ही विचारले, "खाते का?"

"नाय. काल बोंबील टाकला, तोंडसुद्धा लावलं नाय."

आम्ही डॉक्टरांचा कागद मागितला. तो पिशवीतच होता. आम्ही तो वाचून दाखवला नाही. बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले : 'खाणे सोडले तर लगेच आणा.' वाचले मात्र, बाई तशाच उठल्या. जखमेत पू झाला होता. डॉक्टरांनी ती पुन्हा साफ केली, औषध बदलले. मनी वाचली.

मनी शांत का झाली? कुत्रा दुखले की केकाटतो. मांजर दुखणे लपवते आणि कोपरा धरते. म्हणून ती ओरडेल याची वाट पाहू नये. आपणच रोज पाहावे.

सकाळ-संध्याकाळ, साबणाने हात धुऊन, उजेडात जखम पाहावी. पहिले दोन-तीन दिवस कडा थोड्या लाल असतात, थोडी सूज असते. ती रोज कमी व्हायला हवी. पुढील खुणा दिसल्या तर जखम चिघळली असे समजावे :

१. लाली किंवा सूज वाढते, जागा गरम लागते.
२. पू येतो, घाण वास येतो.
३. टाका सुटतो, कडा उघडतात.
४. मांजर खात नाही, लपून बसते.

यातली एक खूण दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नुसता हात लावून ताप कळत नाही, कारण मांजराचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते.

मांजर जखम चाटते, ते बरे असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. तिची जीभ खरखरीत असते. तिने टाके सुटतात, तोंडातले जंतू जखमेत जातात. म्हणून डॉक्टरांनी गळ्यात घातलेली कॉलर दया येऊन काढू नये.

जखमेवर हळद-तेल, चुना, रॉकेल लावू नये. फिनेल आणि डेटॉल मांजराला विषारी आहेत. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.

टाके निघेपर्यंत आंघोळ घालू नये, बाहेर सोडू नये. पावसाळ्यात माशा बसून जखमेत अळ्या पडतात. जखम बरी दिसली तरी औषध पुरे करावे. टाके बहुधा १० ते १४ दिवसांनी काढतात. ते डॉक्टरच काढतील, आपण कात्री लावू नये.

दुखऱ्या जागी हात लागला तर गरीब मांजरही चावते. चावली किंवा ओरखडले तर ती जागा साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे. रेबीजची लस लागेल का, ते तिथे विचारावे.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता आधीच लिहून ठेवावा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकापासून ते मुक्या जीवांची सेवा करीत आहे. वसई रोडहून लोकलने दादरला उतरून तिथे जाता येते.

मनीच्या घरी भिंतीवर कॅलेंडर आहे. बाई आता त्यावर रोज दोन शब्द लिहीत. 'खाल्ले. सूज कमी.' मनीचे टाके निघाले त्या तारखेला त्यांनी लिहिले, 'मनी बरी.' त्यांना शब्द सांगायला आम्ही जवळ नव्हतो.

उत्तरे द्या
१. मनी पलंगाखाली का बसली होती?
२. जखम चिघळल्याच्या चार खुणा कोणत्या?
३. मांजराला कोणती गोळी कधीच देऊ नये?

लिहा
तुमच्या जवळच्या जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता वहीत लिहा.