धमनीच्या नादात गेलेले सात आठवडे

स्तनात लिंबाएवढी गाठ, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी, काखेतही गाठी. कॅन्सरची तिसरी अवस्था. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, शिरेतून केमो लगेच सुरू करू. पण मी उलट्यांना आणि केस जाण्याला घाबरले होते. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, बाहेरगावी धमनीत नळी घालून औषध थेट गाठीत सोडतात, अंगाला काही होत नाही. त्या एका वाक्यावर मी सात आठवडे घालवले. पैशांची जुळवाजुळव चालू असताना धाकट्या भावाने हट्टाने मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसवलं. मुंबईला पोचेपर्यंत गाठीवर जखम झाली होती. ते आठवडे मला परत मिळाले नाहीत.

मुंबईत समजलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर! यकृतातल्या गाठींना रक्त मुख्यतः यकृताच्या धमनीतून मिळतं, म्हणून तिथे धमनीची ही वाट उपयोगी पडते. लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरमध्येही पडते. स्तनाला मात्र छातीच्या आतून, काखेकडून, फासळ्यांमधून अशा अनेक धमन्या रक्त देतात. एका नळीने सगळा भाग सापडेलच असं नाही, आणि औषध भलत्या फांदीत गेलं तर कातडी जळू शकते. शिवाय पुढच्या अवस्थेत पेशी हाडात, यकृतात पोचलेल्या असू शकतात. त्यांना गाठायला औषध सगळ्या अंगात फिरावंच लागतं. हा शोध नवाही नाही. अमेरिकेत 1950 मध्येच क्लॉप यांनी धमनीतून कॅन्सरचं औषध दिलं होतं. तरी स्तनाच्या कॅन्सरचा तो नेहमीचा उपचार आजही झालेला नाही.

तेव्हा कुणी असं सुचवलं, तर आधी विचारा: ही चाचणी आहे का? असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत वाचून घ्या, खर्च कोणाचा ते लेखी घ्या. विचारायला संकोच कसला? आपल्याच इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 मध्ये औषधचाचण्यांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. दुसरं मत जरूर घ्या, पण ठरलेली केमो त्यासाठी अडवून ठेवू नका.

आणि गाठीच्या पेशींवरच्या हार्मोन-ग्राहकांचा (ईआर, पीआर) आणि हर-टू प्रथिनाचा रिपोर्ट हातात हवा. हार्मोनच्या गोळ्या, ट्रॅस्टुझुमॅब ही औषधं त्यावरच ठरतात. मला धमनीचा खर्च सांगणाऱ्यांनी तो एकदाही मागितला नव्हता. परवा शेजारच्या वहिनी फाईल घेऊन आल्या, तर त्यातही तो कागद नव्हता. त्याच दुपारी आम्ही दोघी बायॉप्सीचा ब्लॉक घेऊन लॅबमध्ये गेलो.