व्याज तिकडचं, महागाई कुठली?

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. बचत तिथल्या बँकेत ठेवावी की इकडे एनआरई ठेवीत? – एक वाचक, आटगाव (ता. शहापूर)

उत्तर : पैसा जिथे खर्चायचा, तिथली महागाई धरायची. घर आटगावात बांधायचं, तर दुबईच्या भाड्याचा काय संबंध? इथली वीट, सळई, गवंड्याची मजुरी बघावी.

नुसत्या व्याजदराला भुलू नये. ऑक्टोबर 2022 मध्ये तुर्कस्तानात महागाई 85 टक्क्यांवर होती. मध्यवर्ती बँकेचा दर 10.5!

दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे. डॉलर 2010 मध्ये 45 रुपयांच्या आसपास होता, 2023 अखेर 83 च्या. वर्षाला साधारण साडेचार टक्के वाढ. पुढेही तेवढीच होईल, याची हमी नाही. तरी दिरहमच्या व्याजात ती अंदाजाने मिळवून मगच एनआरईच्या करमुक्त व्याजाशी तुलना करावी. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली, तर व्याज शून्य.