हिरड्या छाटून घ्यायच्या? आधी हाड मोजून घ्या, मग भाव विचारा

हसताना दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात, दात बारके वाटतात, हिरड्या काळ्या आहेत. लग्न ठरण्याच्या वयात आरशासमोर उभे राहिल्यावर या तीन तक्रारी सुचतात आणि मग मोबाईलवर ‘एका बैठकीत सुंदर हास्य’ अशा जाहिराती दिसू लागतात. परभणी जिल्ह्यातल्या येलदरीच्या माणसाला त्यासाठी आधी जिंतूर गाठावे लागते, म्हणजे पंधराएक किलोमीटर. हिरड्यांचा तज्ज्ञ हवा असेल तर आणखी चाळीसेक किलोमीटरवर परभणी. इतक्या लांब जायचे आणि पदरचे पैसे घालायचे, तर कशासाठी घालतोय हे घरूनच ठरवून निघालेले बरे.

हिरडी छाटणे हे या सगळ्यातले सोपे काम आहे. जागा बधिर करायची, जादाची कड काढायची, उरलेल्या कडेला गोलाई द्यायची. सहा दातांचे काम तासाभरात उरकते. अवघड काम त्याच्या आधीचे असते, ते म्हणजे हिरड्या जास्त का दिसतात हे शोधणे. ती तपासणी दोन-पाचशे रुपयांत होते आणि तिच्यावर पुढचे हजारो रुपये अवलंबून असतात. तरी भाव विचारताना लोक नेमकी तीच वगळतात.

समोरचा वरचा दात साधारण दहा-अकरा मिलिमीटर लांब असतो. तुमचा सात-आठच दिसत असेल तर दोन शक्यता उरतात. एक तर दात घासून झिजला आहे, नाहीतर दात पूर्ण आहे पण हिरडी त्याच्यावरून मागे सरकलेलीच नाही. दात येताना हिरडी हळूहळू वर जाते आणि हे सरकणे अठरा-वीस वर्षांपर्यंत चालू राहते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या हिरड्या दिसण्यासाठी छाटा असे कोणी सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. थोडे थांबले तर काम आपोआप होण्याची शक्यता असते. शिवाय वयाबरोबर वरचा ओठ खाली उतरतो आणि विशीत दिसणारी हिरडी चाळिशीत अर्धी झाकली जाते. हसताना दोन-तीन मिलिमीटर हिरडी दिसणे हा दोष नाहीच.

आता हाडाचा मुद्दा. हिरडीची कड आणि तिच्या आतले हाड यांच्यात सुमारे तीन मिलिमीटर अंतर शरीराला लागतेच. हाड खाली असेल तर नुसती हिरडी छाटून भागते. पण हाड दाताच्या चकचकीत भागाला खेटून असेल आणि डॉक्टरांनी वरवरचीच कड उडवली, तर शरीर ते अंतर भरून काढते. काही महिन्यांत हिरडी पुन्हा होती तिथे येते आणि पैसे वाया जातात. अशा तोंडात हिरडी उघडून हाडही थोडे घासावे लागते, वर टाके पडतात, आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. हे ठरवण्यासाठी डॉक्टर जागा बधिर करून बारीक खुणांच्या सळईने हाडापर्यंतची खोली मोजतात आणि जोडीला एक्स-रे काढतात. जिथे हे मोजमाप न करता थेट दाताला इतके, असा भाव सांगितला जातो, तिथे थांबू नका.

काही हिरड्यांना तर कात्री लावायचीच नसते. दातांवर कीट साचून सुजलेल्या हिरड्या सफाईने उतरतात, त्याला तीन-चार आठवडे द्यावेत. दातांना तारा बसवल्यावर आलेली सूज पुष्कळदा तारा निघाल्यावर ओसरते. गरोदरपणातली सूज बाळंतपणानंतर कमी होते. तोपर्यंत सफाई करून घ्यावी, पण दिसण्यासाठीची छाटणी त्या काळात नको.

याहून जास्त फसगत होते ती गोळ्यांमुळे वाढलेल्या हिरड्यांत. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन गावोगावी चालू आहे. घरात कोणा ना कोणाच्या डब्यात ती असतेच. ही गोळी आणि निफेडिपिन, फेफऱ्यासाठीची फेनिटॉइन म्हणजे बाजारातली एप्टॉइन, आणि मूत्रपिंड बदललेल्यांना दिली जाणारी सायक्लोस्पोरिन, या औषधांनी काही जणांच्या हिरड्या फुगतात, कधी अर्धा दात झाकतात. अशा माणसाची हिरडी छाटली आणि गोळी तीच ठेवली, तर वाढ परत येण्याचा धोका मोठा. उपाय असा की दंतवैद्याने गोळी देणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायची, त्यांनी शक्य असेल तर औषध बदलायचे, दात स्वच्छ करायचे, काही महिने वाट पाहायची आणि मग उरेल तेवढेच छाटायचे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. फेफऱ्याची तर अजिबात नाही, एक झटका फार महागात पडतो. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या, नाव आठवत बसू नका.

आणि हिरड्या अचानक, थोड्याच आठवड्यांत फुगल्या, आपोआप रक्त येऊ लागले, सोबत ताप, अशक्तपणा किंवा अंगावर निळे डाग असतील, तर सौंदर्याचा विषय बाजूला ठेवून आधी रक्ताची तपासणी करा. रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी हिरडीवरच दिसते.

काळ्या हिरड्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सावळ्या माणसाच्या हिरडीत रंगद्रव्य असणे हे त्याच्या कातडीइतकेच नैसर्गिक आहे, त्यात आजार नाही. मुलगी पाहायला आलेल्यांना आवडावी म्हणून निरोगी हिरडीचा वरचा थर खरवडून घेणे मला पटत नाही. तरी ज्यांना हौस आहे त्यांनी एवढे जाणून घ्यावे की रंग परत येऊ शकतो, कोणाचा वर्ष-दोन वर्षांत, कोणाचा उशिरा. बिडी-सिगारेटने रंग गडद होतो, म्हणून ती चालू ठेवून लेझर करणे म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडच्या बायकांच्या मिसरीची गोष्ट तर वेगळीच गंभीर आहे. भाजलेला तंबाखू रोज हिरडीवर चोळल्याने हिरडी झिजते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर हिरडीची छाटणी विसरून आधी तो चट्टा दाखवा.

हिरडी दिसण्याचे कारण ओठ जास्त वर खेचला जाणे हे असेल, तर कात्रीचा उपयोग नाही. त्यासाठी बोटॉक्सची सुई देतात, परिणाम तीन ते सहा महिने टिकतो आणि मग पुन्हा खर्च. वरचा जबडाच उभा लांब असेल तर खरे काम जबड्याच्या शस्त्रक्रियेचे, भूल देऊन, मोठ्या रुग्णालयात, लाखांच्या घरात. नुसत्या थोड्या हिरडीसाठी मी ती कोणाला सुचवणार नाही.

आता पैसे. खासगी दवाखान्यांना सरकारने ठरवून दिलेला दर नाही, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे समजा, शहर आणि डॉक्टरप्रमाणे ते हलतात. तपासणी दोनशे ते पाचशे. एका दाताचा एक्स-रे शंभर ते तीनशे. सफाई आठशे ते दोन हजार. नुसती हिरडी छाटायची तर दाताला हजार ते अडीच हजार, लेझरने केली तर दीड ते चार हजार. हाडासकट करायचे तर दाताला तीन ते आठ हजार. काळेपणा काढणे एका जबड्याला पाच ते पंधरा हजार. समोरच्या सहा दातांचा साधा हिशेब मांडला तर छाटणीचे दहा-बारा हजार, तपासणी, एक्स-रे, सफाई मिळून दोन हजार, रक्त-साखरेची तपासणी, गोळ्या आणि गुळणीचे औषध हजारभर. याच्यावर येलदरीकराचा वेगळा खर्च बसतो, तो म्हणजे तपासणी, सफाई, छाटणी आणि टाके किंवा जखमेवरचा लेप काढणे अशा किमान चार फेऱ्या. एसटीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, सोबत येणाऱ्या पुरुषाला पूर्ण. मजुरीचे बुडालेले दिवस कोणी बिलात लिहीत नाही, तुम्ही लिहा. पहिली तपासणी आणि सफाई एकाच दिवशी होईल का, हे फोनवर विचारले तर एक फेरी वाचते.

भाव ‘दाताला’ आहे, ‘जबड्याला’ आहे की ‘बैठकीला’, हे कागदावर लिहून घ्या. हिरडी परत वाढली तर दुसऱ्यांदा छाटण्याचे वेगळे घेणार का, तेही. सगळ्यात महाग सापळा ‘स्माइल डिझाइन’च्या पॅकेजचा असतो. हिरडी छाटता छाटता आठ-दहा चांगले दात कोरून त्यांच्यावर कॅप बसवल्या जातात. हिरडी नीट केल्यावर दात पूर्ण दिसू लागतात आणि बहुतेकांना कॅपची गरजच उरत नाही. चांगला दात एकदा कोरला की तो परत मिळत नाही. ‘आज केले तर निम्म्यात’ असे म्हणणाऱ्याला उद्या येतो म्हणून निघून या.

स्वस्त वाट दंत महाविद्यालयांची आहे. छत्रपती संभाजीनगरला घाटी परिसरातले शासकीय दंत महाविद्यालय 1982 पासून आहे. परभणीत सरस्वती धन्वंतरी, लातूरला एमआयडीएसआर ही खासगी दंत महाविद्यालये आहेत. तिथल्या हिरडी विभागात पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी, वेळ मात्र जास्त लागतो, फेऱ्या वाढतात. मला यात तोटा कमी आणि फायदा जास्त दिसतो, कारण विद्यार्थ्याला मोजमाप वहीत लिहून शिक्षकांना दाखवावे लागते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथे सफाई, तपासणी होत असेल तर ती आधी उरकून घ्या. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या संस्थांना, म्हणजे वरच्या शासकीय दंत महाविद्यालयालाही, हा निर्णय लागू नाही. तिथे केसपेपर आणि ठरलेले शुल्क भरावे लागते.

विम्याचा भरवसा धरू नका. दिसण्यासाठी केलेले उपचार आरोग्य विम्याच्या पॉलिसीतून वगळलेले असतात. जीएसटीचा नियमही पाहा. आरोग्यसेवेवर हा कर नाही, पण केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर तो लागू शकतो. जन्मजात दोष, वाढीतला बिघाड किंवा अपघात यामुळे बिघडलेले अंग नीट करायचे असेल तर सूट आहे. म्हणजे कारण काय आहे ते केसपेपरवर स्पष्ट लिहिलेले असणे तुमच्या खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे. बिलात कर लावला असेल तर जीएसटी क्रमांक छापलेला आहे का ते बघा.

डॉक्टर निवडताना भिंतीवरचे महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचे नोंदणीपत्र वाचा. बीडीएस डॉक्टरही साधी छाटणी करू शकतात, हाडाचे काम मात्र हिरडीशास्त्रातल्या एमडीएसकडेच करावे. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा आठवडी बाजारात दात बसवणाऱ्याकडे तोंड उघडू नका. लेझरला भुलायचे कारण नाही. त्याने रक्त कमी येते, लेप बहुधा लागत नाही, पण मोजमाप चुकले तर लेझरही चुकीच्याच जागी कापतो, आणि साधा डायोड लेझर हाडाच्या कामाचा नसतो. छाटण्याआधी दातांच्या वर पांढरा मसाला लावून नवी कड कशी दिसेल ते आरशात दाखवता का, असे विचारा. आधीच्या रुग्णांचे फोटो पाहायचे तर त्याच दिवसाचे नकोत, सहा महिन्यांनंतरचे मागा. मूळ उघडे पडू शकते, गार-गरम झिणझिण्या लागू शकतात, दातांमध्ये काळ्या फटी दिसू शकतात, हे डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवे. जास्त कापलेली हिरडी परत आणायला टाळूची चकती काढून लावावी लागते, तिचा खर्च छाटणीहून जास्त.

मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, इकोस्प्रिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी, यांतले काहीही असेल तर ते भूल देण्याआधी सांगा. छाटणीनंतर आठवडाभर ठेचा, तर्री आणि भाकरीची कडक कड बंद. गार दहीभात, मऊ खिचडी खा. त्या भागाला ब्रश लावू नका, दिलेल्या औषधाने गुळण्या करा, हळद, लवंगतेल किंवा मिसरी जखमेवर लावू नका, तंबाखू पूर्ण बंद. स्वच्छ कापसाची घडी अर्धा तास दाबूनही रक्त थांबले नाही तर फोन करा आणि निघा. म्हणूनच काम शक्यतो सकाळी करून घ्यावे, रात्रीच्या शेवटच्या एसटीच्या वेळी नको.

वरची जखम दोन आठवड्यांत भरते, पण हिरडीची कड स्थिर व्हायला साधी छाटणी असेल तर तीन महिने आणि हाडाचे काम किंवा पुढे कॅप असेल तर सहा महिने धरावेत. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघणार असेल तर साध्या छाटणीची पहिली तपासणी उशिरात उशिरा आषाढी एकादशीच्या सुमारास व्हायला हवी, हाडाचे काम असेल तर गुढीपाडव्यालाच. साखरपुडा झाल्यावर धावत गेलात तर फोटोत सुजलेली हिरडी येईल.

सही करण्याआधी संमतीपत्र मराठीत वाचून घ्या, आधीचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढा, एक्स-रे आणि प्रत्येक पावती जपून ठेवा. काम बिघडले तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत घ्या, मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे.