सातपुड्याची गोल फेरी

प्रश्न : यावलजवळ जंगल, द्राक्षमळे आणि उंचावरचा नजारा एकाच फेरीत जमेल का?

उत्तर : जमेल, फक्त द्राक्षमळ्यांऐवजी केळीबागा भेटतील. यावल–फैजपूर–खिरोदा–पाल–रावेर–सावदा–यावल असा फेरा गाडीने करा. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले होते. खिरोद्यापुढे, घडांवर पिशव्या चढवलेल्या केळीची हिरवी भिंत मागे पडते आणि सागाचा सातपुडा सुरू होतो. घाटात थांबून मागे वळून पाहा, खाली तापीचे सपाट खोरे पसरलेले दिसेल. पायी हिंडायचे तर पालला उतरा. मात्र तिथल्या अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. पावसाळा सरताच निघा; वैशाखातले खान्देशी ऊन सावलीतही सोडत नाही.