संशोधनाचा प्रभाव मोजायचा कसा?

कालयंत्राची आणि अदृश्य माणसाची गोष्ट लिहिणारे एच. जी. वेल्स तुम्हांला ठाऊक असतील. त्यांना मधुमेह होता, हे मात्र बहुधा ठाऊक नसेल. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनाही तो होता. १९२३ साली इन्सुलिन हाती आले म्हणूनच ते वाचले. या दोघांनी १९३४ साली मधुमेहींची एक संस्था काढली. आज ती ‘डायबिटीस यूके’ या नावाने ओळखली जाते. लोकांच्या देणग्यांतून ती संशोधनाला पैसा पुरवते. साहजिकच देणगीदार विचारणार, या पैशातून निष्पन्न काय झाले?

शोधनिबंध मोजणे सोपे आहे. पण शंभर निबंध छापले आणि कोणी वाचलेच नाहीत तर? म्हणून पुढच्या संशोधकांनी एखाद्या निबंधाचा उल्लेख किती वेळा केला, हेही मोजतात. २००५ साली होर्हे हर्श या (आमच्याच गोत्रातल्या!) भौतिकशास्त्रज्ञाने या दोन्ही मोजण्या एका आकड्यात गुंफल्या. त्याला ‘एच-निर्देशांक’ म्हणतात. समजा, पाच निबंधांना उतरत्या क्रमाने १२०, ९, ६, ४ आणि २ उल्लेख मिळाले. पहिल्या चारांपैकी प्रत्येकाला निदान ४ उल्लेख आहेत. पण पाचांपैकी प्रत्येकाला ५ नाहीत. म्हणून निर्देशांक ४.

आता १२० खोडून १२०० लिहा. निर्देशांक किती? चारच!

ही उणीव किरकोळ नव्हे. १९७७ साली ब्रिटनमध्ये एक दीर्घ चाचणी सुरू झाली. तिला पैसा देणाऱ्यांत ही संस्थाही होती. टाइप-२ मधुमेहाचे नुकतेच निदान झालेले ५१०२ रुग्ण, २३ केंद्रे आणि वीस वर्षे! १९९८ साली मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील साखर अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंडे यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. जगभरच्या डॉक्टरांनी उपचारांची दिशा त्यावरून ठरवली. तो निबंध हजारो वेळा उल्लेखिला गेला. निर्देशांकाच्या हिशेबात मात्र तो एकच निबंध. शिवाय खर्च अनेकांनी उचललेला, तेव्हा श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे? प्रत्येक संस्था तो निबंध पूर्णच आपल्या नावावर मोजते. वाचलेली दृष्टी तर कोणत्याच खात्यावर येत नाही.

जाता जाता एक गणित. आपल्या पाच निबंधांचा निर्देशांक ४ वरून ५ व्हायला पहिल्या निबंधाचे १०८० जादा उल्लेख पुरले नाहीत. मग कमीत कमी किती पुरतील, आणि कोणत्या निबंधांना?