चित्त्याच्या रक्ताची साक्ष

वन्य प्राण्यांचे रक्षण हा विषय वर्गात निघाला म्हणजे बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : अमुक प्राणी आता किती उरले? संख्या वाढली की प्राणी वाचला, घटली की धोक्यात आला, अशी समजूत मुलांचीच नव्हे, तर पुष्कळशा वडीलधाऱ्या माणसांचीही असते. ही समजूत अपुरी आहे, हे ज्यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले त्यांत डॉ. स्टीफन ओब्रायन या अमेरिकन आनुवंशिकशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. शिक्षकांना पाठाच्या पूर्वतयारीसाठी त्या संशोधनाचा परिचय येथे करून दिला आहे.

ओब्रायन यांचा जन्म १९४४ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ते संशोधन करीत. कर्करोगाच्या संस्थेतील माणसाचा चित्त्याशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु मांजरांत विषाणूंमुळे होणारा रक्ताचा कर्करोग हा त्या काळी अभ्यासाचा मोठा विषय होता. घरच्या मांजराचा अभ्यास करता करता ते मार्जारकुळातील रानटी जातींकडे वळले.

येथे शिक्षकांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. आपल्याकडे बिबट्यालाच चित्ता म्हणण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी पोकळ वर्तुळे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असतात, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी एक काळी रेघ उतरलेली असते. ही रेघ एकदा चित्रात दाखविली म्हणजे मुले पुन्हा चुकत नाहीत.

आता मूळ विषय. प्राण्याच्या शरीरातील प्रथिने कशी घडावयाची हे त्याच्या जनुकांवरून ठरते, आणि जनुके त्याला आईबापांकडून मिळतात. एकाच जातीच्या दोन प्राण्यांतही काही प्रथिनांची घडण किंचित वेगळी असते. ती ओळखण्याची रीत मोठी सुबक आहे. पिष्टाच्या गोठविलेल्या थरात रक्ताचा अंश ठेवून त्यातून विजेचा प्रवाह सोडतात. वेगळ्या घडणीची प्रथिने कमीअधिक वेगाने सरकतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी थांबतात. ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील ५५ चित्त्यांचे रक्त अशा रीतीने तपासले. ४७ जनुकस्थाने पाहिली. त्यांपैकी एकाही ठिकाणी चित्त्याचित्त्यांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाला. माणसात किंवा मांजरात असा प्रकार दिसत नाही.

निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की त्याची दुसऱ्या मार्गाने परीक्षा घेणे भाग पडले. एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर बसविली तर शरीर ती परकी म्हणून थोड्याच दिवसांत टाकून देते. केवळ एकसारख्या जुळ्यांतच ती टिकते. एकमेकांशी नात्याने संबंध नसलेल्या चित्त्यांत कातडीची अशी अदलाबदल करण्यात आली. १४ रोपणे झाली आणि ती शरीराने स्वीकारली. मांजराची कातडी मात्र चित्त्याच्या शरीराने झिडकारली, म्हणजे परके ओळखण्याची शक्ती शाबूत होती. दुसरा चित्ताच त्याला परका वाटत नव्हता.

यात बिघडले काय, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील, आणि तो विचारावाच. त्याचे उत्तर अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील एका वन्यप्राणी उद्यानात मिळाले. तेथे चित्त्यांची पैदास उत्तम चालली होती. १९८३ च्या सुमारास तेथे पोटाच्या आतील पडद्यास सूज आणणारा विषाणूजन्य रोग शिरला. घरच्या मांजरांत हा रोग शंभरात एखादीलाच बाधतो. येथे मात्र त्याने निम्म्याहून अधिक चित्ते दगावले. मांजरांच्या घोळक्यात प्रत्येकीची प्रतिकारशक्ती थोडी निराळी असते. एकीला पाडणारा विषाणू दुसरीपुढे हतबल होतो. चित्त्यांच्या कळपात ही सोय उरलेली नव्हती. जणू गावातील सर्व घरांना एकाच किल्लीचे कुलूप होते, आणि चोराला ती किल्ली सापडली.

चित्ता असा एकसारखा झाला कसा? सुमारे १०,००० ते १२,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस, जगातील अनेक मोठे प्राणी नष्ट झाले. त्या सुमारास चित्तेही अगदी थोडे उरले असावेत आणि आजचे चित्ते त्या थोडक्यांचे वंशज असावेत, असे अनुमान आहे. ही कल्पना शब्दांनी नीट उतरत नाही, प्रयोगाने उतरते. एका मडक्यात चिंचोके, हरभरे, मक्याचे दाणे, वाल आणि वाटाणे प्रत्येकी २० असे १०० दाणे मिसळावेत. (गुंजा दिसावयास सुंदर असल्या तरी विषारी आहेत, त्या वर्गात आणू नयेत.) डोळे मिटून एका मुलाने त्यातून फक्त ६ दाणे काढावेत व बाकीचे बाजूस ठेवावेत. हे ६ म्हणजे संकटातून वाचलेले प्राणी. आता त्यांची 'प्रजा' वाढवून मडके पुन्हा १०० दाण्यांनी भरावे. मात्र जे प्रकार हाती आले तेवढेच घालावयाचे. दहापैकी आठनऊ वेळा एखादा तरी प्रकार नाहीसा झालेला दिसेल. दाणे पूर्ववत १०० झाले, गेलेला प्रकार परत आला नाही. या ठिकाणी शिक्षकांनी घाई करू नये. मुलांनाच मोजू द्यावे.

चित्त्याच्या सर्व अडचणींचे खापर जनुकांवर फोडणेही योग्य नाही. सेरेंगेटीच्या मैदानात चित्त्याची बहुसंख्य पिल्ले सिंह आणि तरस यांच्या तोंडी पडतात, असे १९९४ साली इतर संशोधकांनी दाखवून दिले. कुरणे कमी होणे हेही कारण आहेच. शास्त्रात एका कारणाने दुसरे खोटे ठरत नाही.

रक्तातील हीच अक्षरे वाचून प्राण्यांचे कूळही कळते. चीनमधील पांडा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना १८६९ साली ज्ञात झाला. तो अस्वल की रॅकूनचा भाऊबंद, हा वाद शतकभर चालला. १९८५ साली ओब्रायन यांच्या गटाने प्रथिने, गुणसूत्रे व डीएनए यांच्या आधारे तो अस्वलच असल्याचे दाखविले. पुढे २००१ साली त्यांचे सहकारी विल्यम मर्फी यांच्यासह सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षाची जी मांडणी झाली, तीत आफ्रिकेतील उंदराएवढी 'हत्ती-चिचुंद्री' हत्तीच्या शाखेत बसली, आणि आपल्या घरातील चिचुंद्री वटवाघूळ, गाय व देवमासा यांच्या शाखेत. नाक लांब असले म्हणजे नाते जुळते असे नाही.

भारताशी या विषयाचा संबंध जवळचा आहे. १९८७ साली ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी गीरच्या सिंहांची तुलना आफ्रिकेतील सिंहांशी केली, तेव्हा गीरच्या सिंहांच्या तपासलेल्या प्रथिनांत वैविध्य आढळले नाही. एके काळी हे सिंह अगदी मोजके उरले होते, त्याचाच हा परिणाम. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण २०१८ साली गीरच्या एका भागात कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या विषाणूने वीसहून अधिक सिंह दगावले होते, हेही त्याच आकड्याशेजारी लिहावे. त्यांना दुसरे घर म्हणून मध्य प्रदेशातील कुनो निवडले गेले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेशही दिला. तथापि सिंह तेथे गेले नाहीत. गेले ते चित्ते. भारतातून चित्ता नष्ट झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून ८ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोत आणले गेले.

एकसारखेपणावर उपाय काय, याचे उत्तर अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने दिले आहे. तेथील प्यूमा हे मार्जारकुळातील श्वापद वीसतीसच उरले होते. शेपटीला गाठ, हृदयात दोष, नरांत वंध्यत्व अशी लक्षणे दिसू लागली होती. १९९५ साली टेक्सासमधून ८ माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. त्यांपैकी ५ व्याल्या. संकरित पिल्ले अधिक सुदृढ निघाली आणि पुढील पंधरा वर्षांत संख्या सुमारे तिप्पट झाली. हा भाग शिकविताना मडके पुन्हा बाहेर काढावे. शेजारच्या वर्गाच्या मडक्यातील ८ दाणे त्यात मिसळून पुन्हा डोळे मिटून ६ काढावेत, आणि हरवलेला प्रकार आता हाती येतो का, हे मुलांनी वहीत नोंदवावे.