जास्वंदीवरचे हिंगे

(मुरुडची एक वाडी, भाद्रपद. कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले काका आणि त्यांची पुतणी.)

पुतणी: काका, हे काळे-नारिंगी पट्ट्यांचे किडे जास्वंदीच्या पाकळ्या खाताहेत. झटकू?

काका: अगं थांब, हात लावू नकोस! हे हिंगे. घाटावर बाजरी-तुरीच्या फुलोऱ्यावर येतात, इथे भेंडी-जास्वंदीवर. डिवचले की पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव सोडतात. त्यात कँथॅरिडिन असतं. लागताना कळत नाही, पण दिवसाभरात टम्म फोड येतो.

पुतणी: भाजल्यासारखा?

काका: दिसायला तसाच. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. कँथॅरिडिन त्यांच्यातली काही एन्झाइम अडवतं, पकड सुटते आणि मधे पाणी भरतं. खालचा थर शाबूत राहतो, म्हणून बहुधा व्रण उरत नाही. डॉक्टरांना हवा आहे तो नेमका हाच गुण.

पुतणी: म्हणजे औषध म्हणून?

काका: हो. १८१० मध्ये रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने युरोपातल्या भुंगेऱ्यांतून ते वेगळं काढलं. चामखिळीवर डॉक्टर ते पूर्वीपासून लावत आले. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे दाणे उठतात ना, मोलस्कम? तो विषाणूचा संसर्ग. त्यावरच्या ०.७ टक्क्याच्या द्रावणाला जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. डॉक्टर दाण्यावर तेवढंच लावतात, चोवीस तासांनी धुवायचं.

पुतणी: मग आजीच्या चामखिळीवर हाच किडा चिरडून लावला तर?

काका: मुळीच नाही! एका किड्यात किती विष आहे ते कसं मोजणार? ते मुख्यतः नर तयार करतो, मीलनात मादीला देतो आणि ती अंड्यांच्या रक्षणासाठी वापरते. पोटात गेलं तर तोंडापासून आतड्यापर्यंत सोलवटतं, मूत्रपिंडं निकामी होतात, लघवीतून रक्त जातं. दहा मिलिग्रॅमनेही माणूस दगावू शकतो आणि त्यावर उतारा नाही. मूत्रमार्गाच्या जळजळीलाच ताकद समजून शतकानुशतकं लोकांनी हे पोटात घेतलं आणि जीव गमावले. त्याची मला आजही चीड येते.

पुतणी: मग सगळे मारूनच टाकू या.

काका: नको. यांच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. चार-दोन असतील तर राहू देत. फारच झाले तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात पाड. द्रव लागलाच तर लगेच साबणाने धू, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नकोस.